शेळीने नापास केलेली झाडं

सुयोग कॉलनीच्या मुख्य रस्त्याला दोन्ही अंगांनी मी सप्तपर्णी लावली. मध्ये दुसरं एकही झाड नाही. रस्ता सुरू होतो तिथपासून संपतो तिथपर्यंत नुसती सप्तपर्णी. आणि ती सगळी जगली. चूक एवढीच.

बाहेरच्या माणसाला वाटेल, उद्यान खात्यातल्या माणसाची झाडं जगली यात चूक कसली? उलट त्याचा सत्कार करा. मलाही तसंच वाटत होतं. सत्काराला कोणता सदरा घालायचा इथपर्यंत माझी मनातल्या मनात तयारी झालेली होती.

आमच्या धंद्याबद्दल थोडं सांगायला हवं. बागेतलं झाड म्हणजे आईच्या मांडीवरचं लेकरू आणि रस्त्यावरचं झाड म्हणजे एस.टी. स्टँडवर सोडून दिलेलं लेकरू. नगर शहरात खाली फावडं मारलं की मुरूम लागतो. वर विजेची तार, एका बाजूला गटार, दुसऱ्या बाजूला पाण्याची पाइप. एवढ्यातून जागा काढून खड्डा घ्यायचा, काळी माती आणि शेणखत भरायचं, रोप लावायचं. लावणं सोपं असतं. ते पुढाऱ्यांनाही जमतं. फोटो काढून मंडळी गेली की आमचं काम सुरू. उन्हाळ्यात टँकरमागे धावायचं. कुणाची पाटी झाकली जाते म्हणून तो बुंध्यात गरम पाणी ओततो, कुणाला दारात गाडी लावायची असते म्हणून तो रोज येता-जाता शेंडा मोडतो. पण या सगळ्यांना हात जोडून, पाया पडून, प्रसंगी दम देऊन वळवता येतं. शेळीला नाही वळवता येत.

मी मूळचा तिसगावचा, शेळ्यांमध्येच वाढलेला. त्यामुळे शेळीपुढे आपलं काही चालत नाही हे मला लहानपणापासून माहीत होतं. मग मी ठरवलं, शेळीलाच विचारू.

आमच्या रोपवाटिकेच्या भिंतीला लागून हिराबाईचं घर. तिच्या दावणीला शेळ्या, आणि त्यांचा चरायचा रस्ता म्हणजे मी जिथे जिथे झाडं लावीन तो रस्ता. एका सकाळी मी पाच-सहा जातींच्या डहाळ्या घेतल्या आणि तिच्या दारात जाऊन एकेक डहाळी म्होरक्या शेळीच्या तोंडापुढे धरायला लागलो.

हिराबाई दारातून बघत होती. "काय करताय वो साहेब?"

"परीक्षा घेतोय."

"कुनाची? शेळीची?"

"झाडांची."

"आगं बया! म्हंजी माजी शेळी मास्तरीन झाली म्हना की!"

मास्तरणीने कडुनिंब कचाकचा खाल्ला. कांचन देठासकट गेला. सप्तपर्णीची डहाळी पुढे केली तर तिने ती हुंगली, मान झटकली आणि माझ्याकडे पाठ केली. पानं तोडली की पांढरा चीक येतो, तो तिला नको होता. मी तिथल्या तिथे निर्णय घेतला. शेळीने नापास केलेलं झाड रस्त्यावर पास.

"हे नगा लावू," हिराबाई म्हणाली. "मग माज्या शेळ्यांनी काय खायाचं?"

"म्हणूनच लावतोय," मी म्हणालो. या हजरजबाबीपणावर मी त्या दिवशी फार खूश होतो.

सप्तपर्णी वाढली झपाट्याने. जुनी माणसं तिला सातवीण म्हणतात. छत्रीच्या काड्यांसारखी गोलात लागलेली पानं, सरळ बुंधा, बारमाही हिरवी. तीन-चार उन्हाळ्यांत रस्त्यावर सावली पडायला लागली. शाळेतली पोरं उन्हातली वाट सोडून या रस्त्याने यायला लागली. ऑफिसातून घरी जाताना मी मुद्दाम स्कूटर तिकडे घालायचो. बायको मागे बसलेली असली की म्हणायची, "अहो, आपलं घर त्या बाजूला आहे."

"माहीतंय. जरा झाडं बघतो."

"त्यांनी तुम्हाला बघितलं काल."

मग एका वर्षी दसरा झाल्यावर मला साळवे टीचरांचा फोन आला.

साळवे टीचर त्याच रस्त्यावर, बरोबर मधल्या घरात राहतात. मी तिसगावहून नगरला बोर्डिंगात शिकायला आलो तेव्हा त्या आम्हाला शास्त्र शिकवायच्या. शाळेतून निवृत्त झाल्या तरी गाणं सुटलं नव्हतं. त्यांच्या चर्चचं गायन त्याच बसवत. नाताळच्या आधी दीड-दोन महिने रोज संध्याकाळी त्यांच्या पुढच्या खोलीत पेटी, तबला आणि पंधरा-वीस माणसं असा सराव चालायचा, खिडक्या उघड्या टाकून. अख्खी कॉलनी ऐकायची.

"दत्तू, जरा घरी येऊन जा," एवढंच त्या म्हणाल्या. आवाज दाटलेला होता. मला वाटलं, गहिवरल्या. विद्यार्थ्याने दारापुढे सावली केली, बाईंचं मन भरून आलं. मी तो सत्काराचा सदरा घातला आणि निघालो.

कॉलनीच्या तोंडाशीच स्कूटरवर मला असा वास आला, की कुणीतरी अत्तराची बरणी नाकावर फोडली असावी. वर पाहिलं. झाडांच्या प्रत्येक शेंड्याला पांढुरक्या हिरव्या फुलांचे गेंद. माझी झाडं पहिल्यांदा फुलली होती. इतकी वर्षं झाडांत घालवून मी हा बहर कधी पुरता हुंगलेला नव्हता. एखादं झाड कुठे दूर फुललेलं असलं तर वास बरा वाटतो. रस्ताभर फुललेली असली तर डोकं धरतं.

टीचरांच्या घराच्या खिडक्या बंद, फटींना ओली फडकी लावलेली. त्या खुर्चीत पुढे वाकून बसल्या होत्या, हातात दम्याचा पंप. एकेक शब्द ओढून काढत बोलल्या.

"सलाम, दत्तू. बस. ही... तू लावलीस?"

"हो टीचर!" मी छाती काढून म्हणालो. अजूनही माझ्या डोक्यात प्रकाश पडलेला नव्हता.

"झाडाला... फुलं येतात... हे मी तुला शिकवलं होतं ना?"

"हो टीचर."

"तेव्हा... खिडकीबाहेर बघत होतास."

त्या फुलांनी दमा होतो की नाही यावर शास्त्रज्ञांचं काय म्हणणं आहे ते मला माहीत नाही. टीचरांच्या छातीचं म्हणणं मी माझ्या कानांनी ऐकलं आहे. त्या वर्षी सराव झाला नाही. टीचर बहर संपेपर्यंत श्रीरामपूरला बहिणीकडे जाऊन राहिल्या आणि नाताळचं गायन दुसऱ्या कुणीतरी कसंबसं उरकलं.

मी ठरवलं, हे मीच निस्तरणार. ठरवलं आणि ताबडतोब दुसरी चूक केली. मला वाटलं, फुलं शेंड्याला येतात, तर शेंडेच छाटून टाकू. पुढच्या पावसाळ्यात शिडीची गाडी आणून सगळ्या झाडांचे शेंडे उतरवले. टीचरांना फोन करून सांगितलं, या वर्षी श्रीरामपूरला जाऊ नका. छाटणीचं तत्त्व मी स्वतः नव्या माळ्यांना शिकवायचो: एक शेंडा कापला की खालून चार फुटतात. चार फुटले. चारही शेंड्यांना गेंद आले. टीचरांनी सरावाला माणसं बोलावली होती, ती दारातून परत गेली आणि टीचर दवाखान्यात गेल्या.

तिथून आल्यावर त्यांच्या मुलाने, जो पुण्याला असतो, घर विकायचं काढलं. त्याचंही चुकत नव्हतं. म्हातारी आई, वर्षातले दोन महिने घराबाहेर, कधी काय होईल सांगता येत नाही. टीचर मला म्हणाल्या, "या घरातून मी जाईन ती माझ्या वेळेला. तुझ्या झाडांच्या वेळेला नाही. काय करायचं ते तू बघ."

मुलाने गिऱ्हाईक आणलं ते नेमकं पुढच्या बहरात. घर दाखवायला टीचर तोंडाला पदर बांधून श्रीरामपूरहून आल्या. गिऱ्हाईकाने घर बघितलं, अंगण बघितलं, मग विचारलं, "हा वास कायमचाच का हो?" आणि चहाला न थांबता गेलं. म्हणजे त्या वर्षी घर वाचलं ते माझ्या झाडांमुळेच. हे मी टीचरांना बोलून दाखवलं. ते दाखवायला नको होतं.

कॉलनीची बैठक झाली. अध्यक्ष काळेभाऊ एस.टी.तून निवृत्त झालेले. त्यांना कुठलंही काम सुटायच्या वेळेला सुटलेलं आवडतं. म्हणाले, "एका रविवारी सगळी आडवी करा. विषय संपला."

मी म्हणालो, "मग मे महिन्यात या रस्त्याने तुम्ही चालून दाखवा."

"झाडं लावली कुणी?"

"मी."

"मग आता मे महिन्याचं आम्हाला सांगू नका."

टाळ्या पडल्या. माझ्या मदतीला आल्या त्या टीचरच. म्हणाल्या, "मला श्वास हवाय. पण शाळेतली पोरं सावलीतून घरी येतात, तेही मी खिडकीतून बघते. त्यांना उन्हात काढून मला श्वास नको. दत्तूला वेळ द्या. दहावीच्या गणितालाही त्याला जरा जास्तच लागला होता."

अशी परवानगी मिळाली. बेत असा केला: आधी दोन सप्तपर्णींच्या मध्ये नवं झाड लावायचं, ते सावली धरेपर्यंत वाढवायचं, मगच शेजारची सप्तपर्णी काढायची. सुरुवात टीचरांच्या दारापासून. फक्त तिथली दोन झाडं लगेच काढायची आणि बाकी दोन्हीकडे पुढे सरकत जायचं. याला वर्षं लागणार होती. तोवर टीचर दर बहरात श्रीरामपूरला.

झाड कोणतं, हे या वेळी शेळीला विचारायचं नाही असं ठरवलं. टीचरांना विचारायचं. ज्या झाडाचा बहर येईल त्याची फुललेली डहाळी घेऊन मी त्यांच्याकडे जायचो. फाटकातून शिरलो की आतून हात वर व्हायचा, "तिथंच थांब!" मग एकेक पाऊल पुढे. पायरीपर्यंत पोहोचलो तर झाड पास. शिरीष फाटकातच नापास झाला. कडुनिंबाचा मोहर खुर्चीपर्यंत पोहोचला. कांचनाची फुलं तर त्यांनी फुलदाणीत ठेवून घेतली.

म्हणजे शेळीने आवडीने खाल्ली होती तीच दोन.

आता तोडण्याची गोष्ट. शहरात झाड तोडायला परवानगी लागते, मग ते लावणारा स्वतः का मागत असेना. मी अर्ज केला. कारणाच्या रकान्यात प्रामाणिकपणे लिहिलं: सुगंध. अर्ज परत आला. सुगंध हे वृक्षतोडीचं कारण होऊ शकत नाही, असा शेरा. त्यांचंही बरोबर होतं. दुसऱ्या अर्जाला डॉक्टरांचा दाखला जोडायला विसरलो. झाडांच्या दर खेपेला नवा अर्ज; असं करत करत पहिल्या अर्जावर जिल्हा अहमदनगर होता आणि शेवटच्यावर अहिल्यानगर. जिल्ह्याचं नाव बदलेपर्यंत मला एक अर्ज पहिल्या फटक्यात धड भरता आला नाही.

नोटीस झाडावरच चिकटवतात, लोकांना हरकत घेता यावी म्हणून. मी खळीचं डबडं घेऊन ती चिकटवत होतो, तर एक कॉलेजातली मुलगी 'झाडांना जगू द्या' असा फलक घेऊन समोर उभी राहिली.

"काका, लाज नाही वाटत? हे झाड कुणीतरी पोटच्या पोरासारखं वाढवलं असेल."

"वाढवलंय."

"त्या माणसाला काय वाटेल?"

"फार वाईट वाटतंय त्याला. हात खळीने भरलेत, नाहीतर डोळे पुसले असते."

ती गोंधळली. मी तिला टीचरांच्या घरी धाडलं. अर्ध्या तासाने बाहेर आली, फलक गुंडाळलेला. विचारलं, "बदल्यात लावणार कधी?"

"लावलीत. ती बघ, काट्यांच्या आत."

काट्या लागल्याच. कारण कडुनिंब आणि कांचन रस्त्यावर आल्याची बातमी हिराबाईच्या शेळ्यांना माझ्या खात्याच्या आधी कळली होती. पहिली सगळी रोपं एका दुपारी गेली. मी पुन्हा लावली. लोखंडी जाळी बसवली, तर शेळ्या मागच्या पायांवर उभ्या राहून वरून खायच्या. पुन्हा लावली. मग गावाकडची पद्धत काढली: बोरी-बाभळीच्या काट्यांचा, माणसाच्या उंचीचा दाट वेढा. येता-जाता लोकांचे सदरे फाटायला लागले. काळेभाऊंचं धोतर फाटलं तेव्हा त्यांनी मला जे सुनावलं ते दिवाळी अंकात छापता येणार नाही. काट्या मी काढल्या नाहीत.

शेवटी हिराबाईकडे गेलो. म्हणालो, "तुझ्या शेळ्यांना जागेवर पाला देतो. शहरभर सुबाभळीची छाटणी निघते, ती रोज तुझ्या दारात टाकायला लावतो. तेवढा तो रस्ता सोड."

"लेखी देता?"

"माझा शब्द."

"तुमचा शब्द काय कामाचा? म्हनला व्हता शेळी खात न्हाई ते झाड लावतो, आन् आता तिला आवडतं तेच लावताय." पण पाला तिने घेतला. महिन्याभराने मला म्हणाली, "साहेब, शेळ्या लई लाडावल्या तुमच्यामुळं. आता चालायलाच न्हाई म्हनत्यात. दारात बसून वाट बघत्यात गाडीची."

टीचरांच्या दारची पहिली सप्तपर्णी पाडली त्या दिवशी मी हजर राहिलो. खरं तर रजा टाकणार होतो. करवत लागली तसा बुंध्यातून पांढरा चीक धारेने आला. करवतवाल्याने घाम पुसत विचारलं, "येवढी झाडं एका जातीची कुनी लावली व्हती वो?"

"होता एक गाढव," मी म्हणालो.

"अजून नोकरीत हाय का?"

"थोडे दिवस आहे."

टीचरांना मी सांगितलं, पूर्वी या लाकडाच्या मुलांना लिहायच्या पाट्या करायचे. त्या म्हणाल्या, "म्हणजे त्या झाडापासून तरी लेकरं काही शिकली. तू त्या झाडाला काही शिकवलं नाहीस आणि त्याच्याकडूनही शिकला नाहीस."

मी निवृत्त झालो तेव्हा कडुनिंब माझ्या खांद्याला आलेले होते. ऑफिसात हार-नारळ झाला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मी सुयोग कॉलनीत पाण्याचा पाइप धरून उभा. बायको म्हणाली, "अहो, आता पगार नाही मिळत त्याचा." मी म्हणालो, "पगार मिळत होता तेव्हा जे केलं ते बघितलंस ना?" एका उन्हाळ्यात टँकर महिनाभर आला नाही, तर मी स्कूटरच्या दोन्ही बाजूंना कॅन बांधून विहिरीचं पाणी आणलं. काळेभाऊ गच्चीवरून बघायचे. एके दिवशी खाली उतरले आणि स्वतःच्या नळाला पाइप जोडून दिला. धोतराचा विषय मात्र त्यांनी तेव्हाही काढला.

कडुनिंब वाढत गेले, तशी मी सप्तपर्णी मागे हटवत गेलो. दोन कडुनिंबांची सावली एकमेकांना टेकली की मधली सप्तपर्णी जायची. रस्त्यावर उघडा पट्टा कधी पडला नाही, एवढं मात्र मी सांभाळलं. दर वर्षी टीचर श्रीरामपूरहून फोन करायच्या. "किती राहिलीत?" मी आकडा सांगायचो. "बरं," एवढंच म्हणून फोन ठेवायच्या. मुलाने घराचा विषय सोडला नव्हता. त्याही 'आधी दत्तूचं काम होऊ दे' म्हणून त्याला थोपवून धरत होत्या. त्यांचं वय वाढत होतं आणि झाडं आपल्या गतीने वाढत होती. मला यात फक्त पाणी घालता येत होतं.

गेल्या पावसाळ्यात शेवटची सप्तपर्णी काढली.

दसरा झाला. दिवाळी झाली. टीचर श्रीरामपूरला गेल्या नाहीत. त्यांच्या छातीवर माझा विश्वास नव्हता आणि माझ्या झाडांवर त्यांचा. त्यामुळे रोज सकाळी मी फाटकात उभा राहायचो आणि त्या खिडकीतून हात हलवायच्या: आज ठीक. मग एका संध्याकाळी कॉलनीत पेटीचा सूर ऐकू आला. खिडक्या सताड उघड्या होत्या. रस्त्यावर कांचनाला फुलं आली होती आणि त्यांच्या खाली काळेभाऊ, काठी टेकून, ऐकत उभे होते.

मी फाटकात घुटमळलो. आतून टीचरांनी मला पाहिलं.

"दत्तू, सलाम. बाहेर का उभा? आत ये, बस."

आत गेलो. एका कोपऱ्यात सतरंजीवर मला जागा दिली. त्या पेटी वाजवत होत्या, मान ताठ, श्वास मोकळा, आणि लांबलचक ओळ एका दमात म्हणत होत्या. इतक्या वर्षांनी त्या खोलीत तो आवाज. आपल्याला ते गाणं येतं की नाही याचा विचार न करता मीही मोठ्याने सूर लावला.

पेटी थांबली. सगळी माणसं वळून बघायला लागली. टीचरांनी चष्मा काढला, पदराने पुसला, पुन्हा लावला आणि माझ्याकडे नीट निरखून पाहिलं.

"दत्तू, राग मानू नकोस," त्या म्हणाल्या, "पण सप्तपर्णी बरी होती."